सेझानची ‘सफरचंदांची टोपली’ घरच्या टेबलावर कशी रंगवावी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राची तयारी ज्यांनी केली आहे, त्यांच्या हाताला काही सवयी कायमच्या लागलेल्या असतात. बाटली काढायची तर आधी मधून उभी अक्षरेषा, मग दोन्ही बाजू मोजून सारख्या. बादलीच्या तोंडाचं लंबवर्तुळ कडांना टोकदार होता कामा नये. टेबलाची कड सरळ. ही शिस्त चांगलीच आहे आणि नव्याने शिकणाऱ्यांना मी आजही आधी तीच शिकवते. पण पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या ‘सफरचंदांची टोपली’ या चित्रापाशी आलं की ही सवय अडखळते. तिथे बाटली डावीकडे कललेली आहे, टेबलाची कड कापडाखाली शिरते एका उंचीवर आणि बाहेर पडते दुसऱ्याच उंचीवर, टोपली आता उलटेल अशी पुढे झुकलेली आहे. तरीही चित्र घट्ट उभं राहतं.

हे का उभं राहतं, ते वाचून फार थोडं कळतं. तीच मांडणी घरी करून, तीच अडचण स्वतःच्या ब्रशने सोडवायला घेतली की कळायला लागतं. म्हणून हा लेख. ज्यांनी तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक थोडंफार हाताळलं आहे, त्यांच्यासाठी तो आहे. दोन-दोन तासांच्या आठ-दहा बैठका धरून चाला, आणि त्या सलग दिवसांत बसवा.

आधी चित्र बघा, किमान अर्धा तास

हे चित्र साधारण १८९३ मधलं आहे. सेझान तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. कॅनव्हासवर तैलरंग, आकार सुमारे ६५ बाय ८० सेंटिमीटर. आज ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची मोठी प्रतिमा बघता येते. ती शक्य तितकी मोठी करून बघा. डाव्या खालच्या कोपऱ्यात सही आहे. सेझान क्वचितच सही करायचा. हे चित्र आम्ब्र्वाझ व्होलार या विक्रेत्याने १८९५ साली पॅरिसमध्ये भरवलेल्या प्रदर्शनात होतं आणि ते सेझानचं पहिलं एकल प्रदर्शन. वयाच्या छपन्नाव्या वर्षी!

आता वस्तू मोजा. डावीकडे ठोकळ्यासारख्या आधारावर कलती ठेवलेली वेताची टोपली, तिच्यात सफरचंदं. मधोमध गडद बाटली. उजवीकडे मागे ताटलीत आडवी-उभी रचलेली लांबट बिस्किटं. समोर चुरगळलेलं पांढरं कापड आणि त्यावर विखुरलेली लाल, पिवळी, हिरवट फळं. खाली तपकिरी टेबल, मागे निळसर राखाडी भिंत. संपलं. दक्षिण फ्रान्समध्ये, सेझानच्या प्रोव्हान्समधल्या कुठल्याही स्वयंपाकघरात सापडतील अशा वस्तू.

एक कागद घेऊन त्यावर फक्त चार रेषा काढा. टेबलाची पुढची कड डावीकडे कुठे आहे, उजवीकडे कुठे आहे, बाटलीचा मधला अक्ष किती कललेला आहे आणि टोपलीच्या तोंडाची दिशा कुठली. बाकी काही काढायचं नाही. या चार रेषा हा चित्राचा सांगाडा. डावी आणि उजवी कड कापडाखालून एकमेकींना पट्टीने जोडून बघा. जोडत नाहीत. आता बाटलीचे दोन्ही खांदे एकेक करून झाका. डाव्या बाजूची बाटली आणि उजव्या बाजूची बाटली यांचं माप जुळत नाही. बिस्किटांकडे या: खालचा थर बाजूने बघितल्यासारखा आहे, वरची बिस्किटं मात्र जरा उंचावरून बघितल्यासारखी आपल्याकडे उचललेली. ही नोंद जवळ ठेवा, पुढे रोज लागेल.

मांडणी: पूर्ण एक दिवस द्या

हा टप्पा बहुतेक जण पंधरा मिनिटांत उरकतात. तसं करू नका. लुई ल बाय नावाच्या तरुण चित्रकाराने सेझानला मांडणी करताना बघून जे लिहून ठेवलं आहे, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी वर्णन वाटतं. टेबलावर हलकेच कापड पसरायचं, मग लालाशेजारी हिरवं, निळ्याशेजारी पिवळं असा रंगांचा तोल बघत फळं ठेवायची, ती कलती करायची, फिरवायची, आणि हवा तो कल टिकावा म्हणून खाली एक-दोन ‘सू’ किमतीची, म्हणजे फ्रेंच चिल्लर, नाणी सरकवायची. नाणी! चित्रात फळं सहज घरंगळल्यासारखी दिसतात, आणि त्यांच्याखाली चिल्लर लावलेली असते.

आपल्याकडे रुपया-दोन रुपयांची नाणी छान चालतात. सफरचंद सपाट टेबलावर ठेवलं की ते आपल्या बुडावर बसतं आणि देठ वर करून शांत होतं. सगळी फळं अशी बसली की मांडणी मेलीच. एकाखाली मागून दोन नाणी लावा, म्हणजे त्याचा देठाचा खळगा तुमच्याकडे वळेल. दुसऱ्याचा खळगा बाजूला जाऊ द्या. तिसरं पूर्ण आडवं. प्रत्येक फळाला एक तोंड असतं असं समजा आणि दहा फळांची दहा तोंडं वेगवेगळ्या दिशांना करा. एक बदल करायचा, मग बसायच्या जागेवर जाऊन बघायचं, मग दुसरा.

फळं घेताना एकाच पेटीतली एकसारखी लालबुंद, मेण लावलेली घेऊ नका. अर्धी लाल-अर्धी पिवळी, एखादं हिरवं, एखादं डाग पडलेलं अशी निवडून घ्या. सफरचंदं हळूहळू सुकतात, हा इथे मोठा फायदा. सेझान इतका सावकाश काम करायचा की फुलं त्याला पुरत नसत आणि तो कागदी फुलं समोर ठेवायचा. व्होलारने स्वतः लिहिलं आहे की सेझानने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्रासाठी त्याला ११५ वेळा बसावं लागलं.

टोपलीसाठी वेताची किंवा बांबूची परडी घ्या. मागच्या कडेखाली कागदात गुंडाळलेली वीट सरकवा. टोपली पुढे कलली की फळं बाहेर येतात, म्हणून आत आधी वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, त्यावर रुमाल, मग फळं. कापड सुतीच हवं. धुवून खळ दिलेली जुनी चादर उत्तम, कारण खळीमुळे घडी उभी राहते. सिंथेटिक कापड लोळतं आणि त्याला कोनच येत नाहीत. ते दोन्ही हातांनी मधे उचलून सोडा, दोन-चार ठिकाणी चिमटून डोंगर करा आणि टेबलाची पुढची कड मधोमध झाकली जाईल असं खाली येऊ द्या. हे झाकणं महत्त्वाचं आहे. कडेचा तुटलेपणा लपवायची जागा म्हणजे हे कापड.

लांबट बिस्किटं मिळाली नाहीत तर खारी घ्या. दोन अशा, दोन तशा, जोती रचल्यासारखी.

बाटली मात्र सरळ उभी ठेवा. तिच्याखाली नाणं लावून तिला कलती करण्याचा मोह होईल, पण मग तुम्ही कललेली बाटली हुबेहूब काढाल, म्हणजे पुन्हा वस्तुचित्राचा पेपर. तिचा कल चित्रातच यायला हवा, इतर वजनांना उत्तर म्हणून.

उजेड एकाच बाजूने, खिडकीचा. सेझानने पुढे प्रोव्हान्समधल्या एक्स या आपल्या गावाजवळ ले लोव्हच्या टेकडीवर १९०२ मध्ये बांधून पूर्ण केलेल्या स्टुडिओला उत्तरेकडे भलीमोठी खिडकी आहे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फार बदलत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतूनही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत येतं, तेव्हा त्या महिन्यांत साधारण दहा ते तीन ही वेळ धरा. ट्यूबलाइट बंद.

साहित्य

कॅनव्हास १६ बाय २० इंच. मूळ चित्राचं प्रमाण जवळपास तेच पडतं, त्यामुळे चार रेषांची नोंद सरळ उतरवता येईल. ब्रश चपटे, डुकराच्या केसांचे, ४ आणि ६ नंबरचे, आणि रेषेसाठी एक गोल २ नंबर. बारीक मऊ ब्रश मुद्दाम लांब ठेवा, कारण तो हातात आला की आपण गुळगुळीत करायला लागतो.

सेझानच्या रंगांची यादी आपल्यापाशी आहे, कारण १९०४ मध्ये एमिल बर्नार हा चित्रकार एक्सला सेझानला भेटायला गेला तेव्हा त्याने ते पॅलेट टिपून ठेवलं. पिवळ्यांमध्ये ब्रिलियंट यलो, नेपल्स यलो, क्रोम यलो, यलो ऑकर, रॉ सिएना. लालांमध्ये व्हर्मिलियन, लाल गेरू, बर्न्ट सिएना आणि मॅडर, कार्माइनसारखे पारदर्शक ‘लेक’ रंग. हिरवे तीन, निळे तीन आणि काळा. एवढे सगळे घ्यायची गरज नाही. काही तर घेऊच नयेत: व्हर्मिलियनमध्ये पारा असतो आणि त्या काळच्या व्हेरोनीज ग्रीनमध्ये आर्सेनिक. मी वापरते ते असे: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, कॅडमियम रेड ह्यू, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट सिएना, व्हिरिडियन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन. काळा नाही. बाटलीचा गडदपणा व्हिरिडियन, क्रिमसन आणि अल्ट्रामरीनमधून येतो आणि तो काळ्यापेक्षा जिवंत असतो.

तैलरंग असतील तर पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, नंतरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं. अ‍ॅक्रिलिक असेल तर रिटार्डर मिसळा, नाहीतर रंग पॅलेटवरच वाळतो आणि शेजारच्या रंगाशी बोलणं राहून जातं.

बसायची जागा एक नको, दोन हव्यात

शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की जागेवरून हलू नका, एक डोळा मिटा, पेन्सिल हात लांब करून धरा आणि माप घ्या. कॅमेराही तेच करतो. माणूस मात्र टेबलापाशी आला की उभा राहून टोपलीत डोकावतो, मग बसतो, मग बाटलीकडे जरा मान वळवतो. सेझानने या सगळ्या बघण्याला एकाच कॅनव्हासवर जागा दिली.

म्हणून जमिनीवर खडूने दोन खुणा करा. एक खुर्चीची, दुसरी तिच्या उजवीकडे वीतभर अंतरावर, उभं राहायची. टोपली आणि बिस्किटांचा वरचा थर उभं राहून काढायचा. बाटली, ताटली आणि समोरची फळं बसून. टेबलाची डावी कड बसून, उजवी उभं राहून. एवढं प्रामाणिकपणे केलं तर कड आपोआप तुटते, तुम्हाला ती ‘मोडायची’ गरज पडत नाही. मी पहिल्यांदा हे चित्र करायला घेतलं तेव्हा डाव्या-उजव्या कडेतला फरक बघून हाताने आपसूक पट्टी उचलली आणि कड सरळ केली. पाच मिनिटांत सगळी मांडणी मागे जाऊन चिकटली. टोपली खोटी वाटायला लागली, बाटली वेडीवाकडी. कड पुन्हा तोडली तेव्हा दोन्ही परत जागेवर आल्या. त्या दिवशी मला समजलं की हे कल सुटे नाहीत. टोपली पुढे ओतू बघते, तिला बाटली डावीकडे झुकून धरते, बिस्किटांची चळत उजवीकडून वजन देते आणि टेबलाची उजवी कड तिला आधार देते. एक काढलं की दुसरं पडतं.

म्हणूनच उगाच काहीतरी वाकडं करून ‘आधुनिक’ चित्र होत नाही. प्रत्येक कल काढताना स्वतःला विचारा, याला उत्तर देणारा दुसरा कल कुठे आहे?

रेखांकन ब्रशने, निळ्या रंगात

पेन्सिल नको. अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमध्ये शाईइतकं पातळ करा आणि २ नंबरच्या ब्रशने आधी त्या चार रेषा मारा. मग टोपलीचं तोंड, बाटली, ताटली, कापडाचे मोठे कोन. फळं सगळ्यात शेवटी. रेषा चुकली तर पुसू नका, शेजारी दुसरी मारा. फळाच्या कडेला दोन-तीन रेषा एकमेकींपाशी राहिल्या तरी चालतील, उलट राहू द्याच. आपण जागा बदलत बघतो आहोत, तेव्हा गोल वस्तूची कड एकाच ठिकाणी स्थिर नसणारच.

निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू या आकारांतून बघावं, असं सेझानने १५ एप्रिल १९०४ च्या पत्रात बर्नारला लिहिलं. हे वाक्य इतक्यांदा उद्धृत होतं की त्याचा कंटाळा यावा, पण रेखांकनाच्या बैठकीत ते कामाचं आहे. बाटली म्हणजे दंडगोल आणि त्यावर बसलेला शंकू. टोपली म्हणजे कापलेला शंकू.

एक सफरचंद, अगदी जवळून

समोरचं, तुमच्या सर्वांत जवळचं फळ घ्या आणि पहिली पूर्ण रंगबैठक त्याच्यावरच घालवा.

पेन्सिल डोळ्यासमोरून सरळ फळाकडे नेत जा. जिथे टोक पहिल्यांदा फळाला टेकेल, तो बिंदू लक्षात ठेवा. २५ जुलै १९०४ च्या पत्रात सेझान याला कळसाचा बिंदू म्हणतो: संत्रं, सफरचंद, चेंडू, डोकं, कशातही एक बिंदू असा असतो जो उजेड-सावली काहीही असली तरी आपल्या डोळ्याला सर्वांत जवळ असतो. चमक पडते ती जागा वेगळी. चमक खिडकी ठरवते, हा बिंदू तुमचं डोकं ठरवतं. सगळी गफलत या दोन जागा एक समजण्यात होते.

आता शाळेतली छायाभेदाची पद्धत बाजूला ठेवा. म्हणजे लाल रंग घेऊन उजेडात पांढरा आणि सावलीत काळा मिसळायचा नाही. कळसाच्या बिंदूवर सर्वांत उबदार रंग ठेवा, समजा पिवळा-नारिंगी. तिथून कडेकडे जाताना प्रत्येक पावलाला रंगच बदलायचा: नारिंगी, शुद्ध लाल, क्रिमसनकडे झुकलेला लाल, मग जांभळट, आणि वळणाच्या टोकाला निळसर हिरवा. सहा-सात ठिपके, प्रत्येक साधारण एक सेंटिमीटरचा, चपट्या ब्रशने, शक्यतो एकाच तिरक्या दिशेने. दोन ठिपक्यांची शिवण बोटाने पुसायची नाही. उबदार रंग पुढे येतात, थंड मागे जातात, आणि तेवढ्यावर फळ गोल होतं. सेझान याला रंगाची पट्टी बदलणं म्हणायचा, गायक स्वर बदलतो तसं.

निळ्या रेषेपर्यंत रंग सगळीकडे पोचवू नका. जिथे फळ उजळ कापडावर आहे तिथे रेषा ठळक राहू द्या. जिथे दोन फळं सारख्याच गडदपणाची शेजारी आली आहेत, तिथे रेषा तोडा आणि एकाचा लाल दुसऱ्यात थोडा जाऊ द्या. नजरेला तिथून पलीकडे जायला वाट मिळते. सगळ्या कडा बंद केल्या तर दहा फळं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात.

एक फळ झालं की लगेच दुसऱ्याला हात लावू नका. त्याच्याखालचं कापड, मागची भिंत आणि टेबलाचा तुकडा यांना एकेक ठिपका द्या. पुढे रोज असंच, सगळ्या कॅनव्हासभर फिरत राहायचं.

कापड, आणि बाकीचं

पांढरं कापड हा या चित्रातला सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड भाग. पॅलेटवर आधी पांढऱ्याचे पाच ढीग करा: एकात अल्ट्रामरीनचा थेंब, एकात व्हिरिडियनचा, एकात ऑकरचा, एकात क्रिमसनचा, आणि पाचव्यात कोबाल्ट व बर्न्ट सिएना मिळून येणारा राखाडी. शुद्ध पांढरा शेवटच्या दोन बैठकांपर्यंत कॅनव्हासला लावायचाच नाही. घडीचा उजेडातला पृष्ठभाग ऑकरच्या पांढऱ्याने, वळलेला निळ्याने, खोल खाच राखाडीने. लाल फळाशेजारच्या घडीत हिरवट पांढरा दिसतो की नाही ते डोळे किलकिले करून बघा. दिसतो. घड्या मऊ करू नका. त्यांना पैलू असल्यासारखे कोन द्या, म्हणजे कापड फळांइतकंच वजनदार होईल.

बाटलीला उजेडाची एकच उभी पट्टी पुरते. बिस्किटांना ऑकर आणि नेपल्स यलोसारखी पिवळी छटा, सावलीला थोडा जांभळा. भिंत कोबाल्ट, पांढरा आणि किंचित ऑकर, ठिपके मोठे आणि त्याच तिरक्या दिशेने, म्हणजे भिंत वेगळी पडणार नाही. टेबल बर्न्ट सिएना, त्यात निळा मिसळत.

कुठे थांबायचं

व्होलारच्या व्यक्तिचित्रात हातावर दोन छोट्या जागा कॅनव्हास तसाच राहिला होता. त्याने विचारलं तेव्हा सेझानने सांगितलं की तिथे काहीतरी अंदाजाने भरलं तर तिथपासून सगळं चित्र पुन्हा रंगवावं लागेल. हीच कसोटी लावा. एखाद्या जागी कुठला रंग येतो ते समोर बघून ठरत नसेल, तर ती जागा मोकळी सोडा. उद्या कळलं तर भरा. नाहीच कळलं तर कॅनव्हासचा पांढरा तिथे काम करतोच.

रोज काम संपल्यावर चित्र आरशात बघा. आरशात एखादा कल एकटा पडलेला लगेच दिसतो. तैलरंगावर वॉर्निश सहा महिन्यांच्या आत लावू नका, आणि पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते.

मांडणी मोडायच्या आधी मात्र आणखी एक छोटा कॅनव्हास घ्या. मृत्यूच्या दीड महिना आधी, ८ सप्टेंबर १९०६ ला, सेझानने मुलाला लिहिलं होतं की नदीकाठी एकाच जागी बसून, नुसतं जरा उजवीकडे किंवा जरा डावीकडे कललं तरी महिनोन्महिने पुरतील इतके विषय मिळतात. खुर्चीची खडूची खूण पुसा, ती चार बोटं डावीकडे करा, आणि त्याच फळांसमोर पुन्हा चार रेषांपासून सुरुवात करा.